पहिल्याच हँडलला

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. एका सरकारी कार्यालयामागच्या टिनाच्या शेडमध्ये राहतो. कार्यालयाचं नाव सांगणार नाही. कारंजा (घाडगे) सोडलं, ढाबे आणि ट्रक मागे पडले, की काही कोसांवर एका बाजूने करपलेला कडुनिंब लागतो. तो मीच करपवला. मित्रांनो, आज खरं तेच सांगायचं ठरवलं आहे. पण सवय जुनी. मध्येच एखादी थाप निसटली तर सांभाळून घ्या.

तरुणपणी मी सुरू झालो की थेट तळेगावच्या बाजारातल्या कपबश्या थरथरत. लाइन गेली की एकटा मी अख्खा जिल्हा उजळत असे. बरं, जिल्हा नाही. चार पंखे, सात ट्यूबलाइट आणि मोठ्या बाबूंचा कूलर. पण मान मोठा होता! शिपाई नत्थूजी माझं हँडल मारत. मी काही सहजासहजी ऐकत नसे. तेरा वेळा हँडल फिरून नत्थूजींचा सदरा पाठीला चिकटला, की चौदाव्याला मी खोकत खोकत धडधडू लागे. "लाडोबा हाय माहा," असं म्हणत नत्थूजी दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत. माझ्या धुराने मागची भिंत काळी झाली. मी तिला माझी सही म्हणत असे.

मग सरकारी इमारती उन्हावर चालवायच्या, असं वरून ठरलं. छपरावर सौर पॅनल आले, खाली बॅटऱ्या आल्या आणि फाटकाजवळ त्याच बॅटऱ्यांवर विजेच्या गाड्या चार्ज करायचं यंत्र उभं राहिलं. मला शेडमध्ये लोटलं. एक कोंबडी माझ्याखाली अंडी घालू लागली. आता माझ्या थापा ऐकायला तीच काय ती उरली.

त्या यंत्रावर पहिली आली ती वर्षालीची विजेवरची ऑटो. वर्षाली गावातलीच. म्हाताऱ्या माणसांना ती कारंज्याच्या दवाखान्यात नेत-आणत असे. दर रविवारी ती आणि नत्थूजी छपरावर चढून ओल्या फडक्याने पॅनल पुसत, वर त्यांच्या गप्पा चालत, आणि खाली मी जळत असे. डिझेलशिवाय जळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मे महिना आला. आमच्याकडे मे म्हणजे ज्याच्या त्याच्या डोक्यावर सावलीची हिरवी नेट. अंगणावर नेट, तुळशीवर नेट, म्हशीच्या गोठ्यावर नेट. पॅनल बसवणारा इंजिनियर जाता जाता नत्थूजींना म्हणाला होता, की पॅनल फार तापले तर वीज थोडी कमी देतात. नत्थूजींनी ते पक्कं मनावर घेतलं. एका सकाळी ते शेडमध्ये दोरी घ्यायला आले. "तापून राह्यले बिचारे," मला म्हणाले, "नेट बांधून देतो त्याहिले." आणि उन्हावर चालणाऱ्या पॅनलांना त्यांनी सावली केली! वर्षालीलाही बजावलं, "तू वर चढू नोको आता, चक्कर येईन."

बॅटऱ्या भरेनात. म्हणून नत्थूजींनी नेटची आणखी एक घडी घातली. ऑटो फाटकाशी उभीच राहिली. येणारे-जाणारे हसत, "उनावरची गाडी, अन् उन्हाळ्यातच बंद!"

तेवढ्यात जिल्ह्यावरून पत्र आलं. तिथल्या अधिकारी रीता मॅडम तपासणीला येणार होत्या. चार्जिंगचं यंत्र चालत नसेल, तर ते दुसऱ्या गावी नेणार होत्या. तसं झालं असतं तर वर्षालीची ऑटो कायमचीच बसली असती. दुसरं यंत्र तिच्या पल्ल्यात नव्हतं.

लिपिक धर्मेंद्रने डोकं चालवलं. "नत्थूजी, मागून जनरेटरची वायर जोडू. मॅडमले लाइट दिसला म्हणजे झालं."

"अन् आवाज?"

"बाजूच्या वावरात इंजिन चालू हाय म्हणू."

"सूर्याच्या नावानं डिझेल जाळाचं? मले नाई पटत, बाबू."

"मंग म्हाताऱ्याहिले दवाखान्यात काय तुम्ही खांद्यावर नेसान?"

मॅडमची गाडी आली तसे नत्थूजी शेडमध्ये शिरले. त्यांनी हँडल हातात घेतलं.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझी मान खाली जाते. नेटची गोष्ट मला ठाऊक होती. यंत्रांना बोलता येत नाही, पण सुरू न होणं हे आमचं बोलणंच असतं. नेहमीसारखा मी अडून बसलो असतो, तर कोणीतरी छपरावर चढलं असतं, नेट सुटली असती. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी मला हात लावला होता. तेरा वेळा अडणारा मी पहिल्याच हँडलला सुरू झालो.

पुढे फाटकाशी मॅडमसमोर यंत्राचा दिवा लागला. मागे कडुनिंबाखाली आनंदाबाई बसल्या होत्या. त्यांना दमा होता, औषधासाठी ऑटोची वाट पाहत होत्या. माझ्या पोटातलं शिळं डिझेल असा काळा धूर ओकू लागलं, की त्या दिसेनाशा झाल्या. फक्त खोकला ऐकू येत होता.

"नत्थूबाबा, बंद करा ते!" वर्षाली ओरडली. "आजीले दम नाई घेता येऊन राह्यला!"

नत्थूजी धावत आले आणि त्यांनी मला बंद केलं. पुढचा दिवा विझला.

धर्मेंद्र म्हणाला, "मॅडम, ते वावरातलं इंजिन..."

"वावरातलं इंजिन बंद झालं आणि दिवा तुमचा गेला?"

मॅडमनी आधी आनंदाबाईंना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं. मग नत्थूजी हात जोडून पुढे झाले. "मॅडम, हे उनाचं नाई, डिझेलचं होतं. हँडल म्याच मारलं."

मॅडम छपरावर चढल्या. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "नत्थूजी, ही नेट कोणी बांधली?"

"म्याच. तापून राह्यले होते."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः एक गाठ सोडली. "यांना सावली नको, नत्थूजी. वारा लागला की पुरे."

दुपारपर्यंत बॅटऱ्या भरू लागल्या. यंत्र गावातच राहिलं. नत्थूजी मात्र जिन्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून चुकलं, तरी त्यांना एवढी लाज. मला तर ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी आनंदाबाई त्याच ऑटोतून परत आल्या. नत्थूजींनी ती हिरवी नेट आता फाटकाजवळच्या बाकावर बांधली आहे. ऑटोची वाट पाहणारी माणसं तिच्या सावलीत बसतात. मागच्या भिंतीला तीनदा चुना दिला, पण माझी सही अजून वर येते. आता तिच्याकडे मला बघवत नाही.

मित्रांनो, छपरावरचे पॅनल पुसत जा. त्यांच्यावर नेट, गोधडी, कुरडया काही टाकू नका. कळलं नाही तर विचारा. नत्थूजींनी विचारलं नाही. आणि कळलं असेल तर गप्प बसू नका, मी बसलो.

मला भंगारात न्यायचं ठरलं आहे. गाडी अजून यायची आहे. परवा आभाळ भरून आलं, लाइनही गेली, आणि धर्मेंद्र कूलरसाठी हँडल घेऊन शेडमध्ये शिरला. मारलं, पुन्हा मारलं. त्याचा सदरा पाठीला चिकटला. मी खोकलोसुद्धा नाही.

नत्थूजी दारात उभे होते. "राहू दे बाबू," म्हणाले, "लाडोबा हाय तो. आता नाई होनार सुरू."

धर्मेंद्रने चाळीस वेळा हँडल मारलं, असं मी कोंबडीला सांगितलं आहे. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, सतरा वेळा.