रिकामं भांडं

एनेलेसीचा कॅन्सर गर्भाशयातून पोटात पसरला आणि गावाकडून शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिची रवानगी झाली, तेव्हा सोबत कोण राहणार हा प्रश्न आला. पेशंटचं अंग पुसणं, चादरी धुणं, इस्पितळामागच्या छपराखाली तीन दगडांवर रांधणं, सगळं सोबतीच्या बाईनेच करायचं असतं. एनेलेसीची आई गुडघ्यांनी अधू होती. तिची मैत्रीण मालिटा पुढे झाली. "मी असताना दुसरं कुणी कशाला? लहानपणापासून एका घागरीचं पाणी प्यायलोय आम्ही!" सगळ्या बायकांसमोर हे बोलताना तिला फार बरं वाटलं होतं. बोलायला काय जातं!

फेब्रुवारी होता. नवा मका अजून शेतात उभा आणि जुना संपलेला. मालिटाने स्वतःच्या घरी अंडं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिलाही आठवत नव्हतं.

दर बुधवारी आणि शनिवारी एनेलेसीचा थोरला भाऊ बिझवेल मिनीबसने तीन तास हादरत यायचा. आईने दिलेलं झाकणाचं भांडं त्याच्या मांडीवर असायचं. आत सरोवरातला चांबो मासा टोमॅटोच्या रश्श्यात, दोन उकडलेली अंडी आणि मक्याच्या पिठाच्या नसिमाचे मऊ गोळे. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना तासभरच बसू द्यायचे. मग तो फाटकाशी आंब्याखाली जाऊन भांडं परत यायची वाट बघत बसे.

पहिल्या शनिवारी एनेलेसीने दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. "नको गं. वासानेच मळमळतंय."

"अगं, पण भांडं भरलेलं कसं परत पाठवू? आईला काय वाटेल?"

वाटणारच होतं. रांधलेलं अन्न तसंच परत आलं की रांधणारीच्या तोंडावर फेकल्यासारखं होतं आमच्याकडे. मालिटा भांडं घेऊन मागच्या छपराखाली गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने ते रिकामं केलं. त्या दिवशी तिच्या मनात पाप नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

फाटकाशी बिझवेलने झाकण उघडून पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. "सगळं खाल्लं?"

"चाटूनपुसून, दादा."

"आई नाचेल बघ आज!"

पुढच्या बुधवारपासून मात्र गोष्ट बदलली. मंगळवारी संध्याकाळपासूनच मालिटाच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. एनेलेसीने मान फिरवली की आधी ती चार वेळा आग्रह करायची. मग दोनदा करू लागली. नंतर नंतर तर "नको ना? बरं," म्हणून लगेच उठायची. महिन्याभरात तिचे गाल वर आले. एनेलेसीच्या मनगटातली काचेची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली.

सलाईनमधून औषधाचा तिसरा डोस द्यायच्या आधी डॉक्टरीण खाटेशी आली. वजनाचा काटा कधीचा बंद होता, म्हणून तिने मालिटालाच विचारलं, "जेवण कसं आहे हिचं?"

बिझवेल शेजारी उभा होता. "उत्तम," तोच आधी म्हणाला. "भांडं रिकामं जातं माझं!" आणि तो मालिटाकडे हसून बघत राहिला.

आता बोल, असं मालिटाने स्वतःला सांगितलं. "हो, जेवते," ती म्हणाली.

पूर्ण औषध दिलं गेलं.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, एनेलेसी तापाने फणफणली आणि मोरीपर्यंत जाताना कोसळली. बिझवेल भांडं घेऊन पोहोचला तेव्हा डॉक्टरीण तिच्या खाटेशी उभी होती. "हिच्या अंगात काही उरलेलं नाही. उपाशी माणसाला एवढं औषध द्यायचंच नव्हतं. आता पुढचं थांबवायला लागेल, पुन्हा सुरू करता येईल की नाही तेही सांगता येत नाही." मग ती मालिटाकडे वळली. "जेवते म्हणाली होतीस ना तू?"

जमिनीने पोटात घ्यावं असं मालिटाला झालं. बिझवेल गोंधळून एकदा डॉक्टरणीकडे, एकदा मालिटाकडे पाहत होता.

"तिला नका बोलू." आवाज खाटेवरून आला, खोल विहिरीतून यावा तसा. "मी फसवलं तिला. ती पाण्याला गेली की मी सगळं खिडकीतून टाकून द्यायचे."

"वेडी आहेस का तू?" बिझवेल ओरडला, आणि लगेच मालिटाकडे वळून नरमला. "तुझा काय दोष, बाई. तू तर आमच्यासाठी घर सोडून बसलीस." त्याने चक्क तिचे दोन्ही हात हातात घेतले. मालिटाला ते हात छाटून टाकावेसे वाटले.

तासभराने तो फाटकाशी गेला. भांडं खाटेखाली होतं.

"तुला कळलं होतं?" मालिटाने अखेर विचारलं.

"माझं अंग तू पुसतेस. तुझ्या बोटांना माशाचा वास यायचा."

"मग बोलली का नाहीस? चार शिव्या घालायच्या होत्यास."

"कोण धुणार होतं मग मला?" एनेलेसीने डोळे मिटले. मालिटाला वाटलं, झोपली. पण ती पुन्हा बोलली. "एक सांग. आई रश्श्यात अजून कच्ची कैरी घालते का? मला आता कशालाच चव लागत नाही. तू सांग. कसा लागायचा?"

मालिटाने तोंड उघडलं. तिला आठवेना. कुणी बघेल या भीतीने प्रत्येक घास तिने न चावता गिळला होता. पाच आठवडे ती मैत्रिणीच्या तोंडचं खात होती आणि रश्श्यात कैरी होती की नव्हती एवढंही तिला सांगता येत नव्हतं.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली. एनेलेसीने तिची समजूत घातली नाही.

मग मालिटाने भांडं उघडलं आणि बोट बुडवून रश्श्याचा एक थेंब तिच्या ओठांना लावला, एक स्वतःच्या जिभेवर ठेवला. "घालते," ती म्हणाली. "आंबट आहे."

तिने झाकण लावलं आणि भांडं उचलून ती फाटकाकडे निघाली. बिझवेल आंब्याखालून उठला. भांडं हातात घेताच त्याचा हात खाली गेला.

"जड कसं आज?"

"कारण आज मी नाही खाल्लं, दादा," मालिटा म्हणाली.