लाबास म्हणणाऱ्यांच्या गावातला चुंबक

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. साधासुधा नव्हे, एका खोलीएवढा. अरबी मुलखातल्या, समुद्रकाठच्या स्फाक्स शहरातल्या एका इस्पितळात तळमजल्यावर, अगदी शेवटच्या दारामागे मी राहतो. लोक मला एमआरआय म्हणतात. माझ्या पोटात एक लांब भुयार आहे. त्यात माणूस आडवा झाला की मी त्याच्या शरीराच्या आतली चित्रं काढतो. हाडांची चित्रं काढण्याचा मान शेजारच्या एक्स-रेला आहे आणि त्याच्याकडे दिवसभर जत्रा असते. ऑलिव्हच्या झाडावरून पडलेली पोरं, मोटारसायकलवाले, रडणाऱ्या आया, सगळे त्याच्याकडे. माझं काम मऊ भागांचं. स्नायू, चरबी, शिरा. माझ्याकडे कोणी हसत येत नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातला. तिथल्या कामगारांनी माझ्या पोटात मैलोगणती तार गुंडाळली आणि ती कायम गारठलेली राहावी म्हणून भोवती हेलियम भरलं. मग जहाजात घालून मला इकडे पाठवलं. दारातून मी मावेना, तेव्हा इस्पितळाची भिंत पाडली. त्या दिवशी केवढं कौतुक झालं म्हणून सांगू! बदाम घातलेली मिठाई वाटली, मोठ्या साहेबांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढला. मग भिंत पुन्हा बांधली, आतून तांब्याचे पत्रे ठोकले, आणि मी कायमचा आत राहिलो.

तेव्हापासून मी एकटा आहे. माझ्या खोलीत लोखंडाचा कणही चालत नाही. किल्ली, घड्याळ, फोन, काठीचं टोक, सगळं दाराबाहेर. येणाऱ्याची माणसंसुद्धा दाराबाहेर. जो आत येतो तो एकटा येतो, घाबरलेला येतो, आणि मी ठोकाठोक सुरू केली की डोळे मिटून घेतो. माझा आवाज मलाही आवडत नाही, पण काय करणार, स्वभावाला औषध नाही. चित्रं निघाली की ती काचेपलीकडच्या खोलीत जातात. पुढे त्या माणसाचं काय झालं, हे मला कोणी सांगत नाही.

काचेपलीकडे मुंधर बसतो. तो माझा टेक्निशियन. चांगला मुलगा आहे, फक्त घाईत असतो. त्याची बायको म्हणते, हा झोपेतसुद्धा "पुढचा कोण?" असं विचारतो. त्याच्या टेबलावर बोलण्याचं एक बटण आहे. ते दाबलं की त्याचा आवाज माझ्या भुयारात येतो. कॉफी पिताना त्याचं कोपर हमखास त्या बटणावर पडतं, म्हणून मला जगातलं थोडंफार कळतं.

आता मन्नूबियाबद्दल सांगतो.

ती समुद्रापलीकडच्या करकना बेटावरची. नवरा फरजानी ऑक्टोपस धरतो. उथळ पाण्यात मातीची मडकी सोडायची, ऑक्टोपस आपणहून आत जाऊन बसतो, मग मडकं ओढायचं. मन्नूबियाही झगा खोचून मांडीभर पाण्यात उतरायची. तिच्या उजव्या मांडीत खोलवर गाठ आली होती. स्नायूतला कॅन्सर. इथले लोक तो शब्द उच्चारत नाहीत, "तो आजार" म्हणतात. सर्जननी गाठ काढली आणि बजावलं, की हा आजार कापल्या जागी गुपचूप परत उगवतो, वरून हात लावून कळत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी चित्र काढायचं. दुखो वा न दुखो.

ती फेरीबोटीनं यायची. पहिल्याच खेपेला भुयारातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या दिराच्या बोटीचं इंजिन बरं रे बाबा, ते निदान मधे बंद तरी पडतं." मला राग आला नाही. माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं तोवर.

ऑपरेशननंतरची मांडी वाचणं सोपं नसतं. सूज पांढरी दिसते, साचलेलं पाणी पांढरं दिसतं, आणि तो आजारही पांढराच दिसतो. म्हणून डॉक्टर रौदाबाई नवं चित्र आधीच्या चित्राशेजारी ठेवून बघत. सूज हळूहळू ओसरते. ओसरायच्या ऐवजी काही वाढत असेल, तर तोच चोर. मन्नूबियाच्या पहिल्या काही चित्रांत सगळं ओसरत गेलं. तिची भीती मात्र ओसरत नव्हती. प्रत्येक खेपेला तिच्या मांडीचा थरथराट मला कळायचा.

आता या मुलखातला एक शब्द तुम्हाला सांगायलाच हवा. लाबास. म्हणजे "काही वाईट नाही". इथे दोन माणसं भेटली की एक विचारतो, "लाबास?" दुसरा म्हणतो, "लाबास, अल्हम्दुलिल्लाह," म्हणजे देवाची कृपा. मग घरचे लाबास? लाबास. पोरं लाबास? लाबास. घराला आग लागलेली असली तरी आधी लाबास म्हणतील आणि मग बादली शोधतील. नाही असं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

त्या दिवशी तपासणी संपली. बाहेर गर्दी होती. मुंधर आत आला, त्यानं तिचे पट्टे सोडले. मन्नूबिया उठून बसली, त्याचा हात धरला आणि जीव मुठीत धरून विचारलं, "लाबास?"

तिला निकाल विचारायचा होता. मुंधरला वाटलं, म्हातारी हालहवाल विचारते आहे. दाराकडे बघत तो म्हणाला, "लाबास, मावशी, अल्हम्दुलिल्लाह."

तिनं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग तिथेच, माझ्यासमोर, जीभ झरझर हलवत लग्नघरात काढतात तशी आनंदाची लांब किलकारी काढली. तांब्याच्या भिंतींतून तो आवाज बाहेर गेला आणि ताटकळणारे लोकसुद्धा हसले. बेटावरची माणसं मोठी खुशालचेंडू, असं म्हणत मुंधरनं पुढच्याला हाक मारली. मी तिला थांबवू शकलो असतो तर! तिच्या व्रणाच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका मी नुकताच टिपला होता. आधी तो तिथे नव्हता.

रौदाबाईंना तो ठिपका त्याच दुपारी दिसला. त्यांनी मुंधरला सांगितलं की या बाईंना लगेच बोलावून घे. मुंधरनं फोन लावला. कोपर बटणावर होतंच. फरजानीनं फोन उचलला आणि सुरू झालं, लाबास? लाबास. मडकी लाबास? लाबास, यंदा ऑक्टोपस भरपूर आहे. वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, ही इथली रीत. ती समोर बसून, पाण्याचा पेला पुढे करून द्यायची असते. मुंधर रीतीचा पक्का. तो म्हणाला, "काळजीचं काही नाही, डॉक्टरबाईंना जरा बोलायचंय. सवडीनं या."

सवडीनं म्हटल्यावर कोण येतो? भर हंगाम होता. त्यांनी सवडीची वाट पाहिली आणि मी दाराची. दार उघडायचं, कोणी तरी दुसरंच आत यायचं. सांगूनही टाकतो, मला त्या दिवसांत फार एकटं वाटलं. सगळं माहीत असून तोंड नसणं ही काय शिक्षा आहे, ते मुक्या जनावराला विचारा.

हंगाम सरता सरता रौदाबाईंना कपाटात मन्नूबियाची चित्रं तशीच पडलेली सापडली. त्यांनी मुंधरला समोर बसवलं आणि फोनवर नेमकं काय बोललास ते शब्दाला शब्द सांग म्हणाल्या. त्यानं सांगितलं. मग आठवून आठवून तपासणीच्या दिवशीचंही सांगितलं. किलकारीपाशी येऊन तो थांबला.

"मुंधर," बाई अगदी हळू बोलल्या, "तू तिला निकाल दिलास."

दुसऱ्या दिवशी मुंधर कामावर आला नाही. तो बेटावर गेला होता. तिथे काय घडलं ते मला मन्नूबियाकडूनच कळलं, कारण त्याच आठवड्यात ती माझ्या फळीवर आडवी झाली होती आणि नर्स तिच्या हातात सुई बसवत होती. ती नर्सला सांगत होती, "आम्ही त्याला जेवायला बसवलं. जवाचं सूप, ऑक्टोपस, सगळं. फरजानीनं विचारलं, लाबास? पोरगा गप्प. मी विचारलं, तुझी आई लाबास? तरी गप्प. नुसता चमचा खाली ठेवला. पोरी, या गावात लाबासला उत्तर न देणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हाच समजले."

नर्सनं विचारलं, तुम्ही त्याला बोलला नाहीत का काही?

"काय बोलायचं? मी रीतीचा प्रश्न विचारला, त्यानं रीतीचं उत्तर दिलं. मला खरं विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी तो शब्द पुढे केला."

मसुराचा दाणा ऑलिव्हएवढा झाला होता. या वेळी सर्जनना बराच स्नायू काढावा लागला. पाय वाचला, पण अधू झाला. मडक्यांच्या पाण्यात ती पुन्हा कधी उतरली नाही. लवकर आली असती तर कदाचित उतरली असती. हे "कदाचित" मुंधरच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं आहे, तो एकटाच कॉफी पीत बसलेला असताना.

त्यानंतरही ती नेमानं येत राहिली. लाकडी कुबडी दाराशी ठेवायची आणि मुंधरच्या खांद्यावर हात टाकून फळीपर्यंत यायची. दर खेपेला मुंधर सांगायचा, बाहेर बसा, बाई पाहतील, बाई बोलतील, मी काही बोलणार नाही. आणि खरंच तो तोंडातून ब्र काढत नसे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझं हेलियम झिरपतं, चित्रं अस्पष्ट येतात. वरच्या मजल्यावर नवा चुंबक आला आहे, त्याचं भुयार रुंद आहे आणि तो म्हणे हळू आवाजात ठोकतो. गेल्या महिन्यात मन्नूबियाची माझ्याकडची शेवटची तपासणी झाली. ती फळीवरून उठायच्या आत मुंधर आत आला. पुढचा कोण, असं त्यानं विचारलं नाही. तो माझ्या पायरीवर बसला, तिचा हात हातात घेतला.

"मावशी, रौदाबाई आत्ता पडद्यासमोरच होत्या. सगळी जुनी चित्रं शेजारी ठेवून त्यांनी पाहिलं आणि तुम्हाला सांगायला मलाच पाठवलं. मांडीत तो आजार नाही. ही मी रीत पाळत नाहीये. निकाल सांगतोय."

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदाही. किलकारी तिनं काढली नाही, नुसती रडली, आणि दोघं सावकाश बाहेर गेले.

इतकी वर्षं मी हजारो माणसांच्या आत डोकावलो, पण निकाल माझ्यासमोर सांगितलेला हा एकच. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला अशी तारीख दिलेली असेल, तर दुखत नसलं तरी त्यांना घेऊन जा. स्वतः कधी आत आलात, तर बाहेर पडल्यावर निकाल डॉक्टरांच्या तोंडून पुरता ऐका, समजला नाही तर पुन्हा विचारा. आणि पुढच्या खेपेला फळीवर आडवे झालात की माझ्यासारख्या कुणा म्हाताऱ्या यंत्राला, ठोकाठोक सुरू होण्याआधी, एवढं हळूच सांगा की मागच्या वेळी काय निघालं होतं.