फुकुमांच्या घरची चौकशी

जपानमधल्या शिंजी सरोवराच्या काठच्या त्या वस्तीत यकृताचे काहीही दुखणे असो, औषध एकच, तिसऱ्या, म्हणजे सरोवरातले शिंपले. बारीक, काळ्या कवचाच्या तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवून त्यांची वाळू काढायची आणि आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो घालून त्यांचे कढत पाणी प्यायचे. धाकट्या कियोकोला कावीळ होऊन गेल्यापासून तिची आई शिझुए फुकुमा तिला ते सकाळ-संध्याकाळ पाजत होती. दीड वर्षात एकही दिवस चुकला नव्हता.

त्या रविवारी वाटी कियोकोच्या हातात राहिली नाही. अर्धे पाणी चटईवर सांडले.

"ताई, तुझ्या लग्नात मला साके ओतायला लावू नका. पाहुणे भिजतील," कियोको म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती. जिभेखाली काही ठेवल्यासारखे तिचे शब्द जड येत.

नोबुको हसत फडके घेऊन आली. ती बावीस वर्षांची, पोस्टात नोकरीला.

"हसताय काय दोघी? काकू येतील आता. कियो, मागच्या खोलीत जा. आणि आवाज नको," शिझुए म्हणाली. तिचा नवरा खोल समुद्रातल्या बोटीवर असे. वर्षातून दोनदा घरी येई. घराची अब्रू सांभाळणे तिच्याकडे होते.

त्सुचिए काकू सोयरिकी जुळवत. चहा समोर येताच त्या मुद्द्यावर आल्या.

"योनागोचे मुलाकडचे लोक नोबुकोवर खूश आहेत. आता फक्त चौकशीचा माणूस येईल. तुमच्याकडे येईल, शेजारी जाईल, दुकानात विचारेल. छातीचं काही, डोक्याचं काही, रक्तातलं काही. रीतच आहे ती. माझ्या सुनेच्या वेळी मीही केलीच की."

"आमच्याकडे काय असणार?"

"थोरला मुलगा कशानं गेला ते विचारतील."

"न्यूमोनिया. डॉक्टरांचा दाखला आहे."

"आणि धाकटी?"

"ती हामादाला, माझ्या बहिणीकडे."

मागच्या खोलीत काहीतरी धपकन पडले. काकूंनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"उंदीर फार मोठे झालेत हो तुमच्याकडे. लग्न होईपर्यंत बाहेर येऊ देऊ नका म्हणजे झालं."

शिझुए हसली. काकू आणखी चाळीस मिनिटे बसल्या. त्या गेल्यावर दार सरकवले तेव्हा कियोको जमिनीवर पडलेली होती. मनगट मोडले होते. आवाज करायचा नाही हे ठाऊक असल्याने ती ओरडली नव्हती.

ताकेओ, थोरला मुलगा, न्यूमोनियाने गेला नव्हता. त्याचे हात कापू लागले, पोट फुगले, बोलणे तुटले. दोन वर्षे तो त्याच मागच्या खोलीत होता आणि अठराव्या वर्षी गेला. "घरात अजून दोन मुली आहेत," एवढेच शिझुए गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना म्हणाली होती. त्यांनी दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले. असे दाखले त्यांनी बऱ्याच घरांना दिले होते. त्यांना ते उपकार वाटत, घेणाऱ्यांनाही.

मात्सुएच्या इस्पितळात मनगट बसवणाऱ्याने हाताचा कंप पाहिला आणि कियोकोला डॉक्टर साकाने यांच्याकडे पाठवले. साकानेबाईंनी यंत्रातून तिचे डोळे तपासले. बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट कडे दिसत होते. रक्ताचे आणि लघवीचे निकाल आल्यावर त्यांनी शिझुएला समोर बसवले.

"हिच्या शरीरात तांबं साठतंय. यकृतात, मेंदूत, डोळ्यांत. फार थोड्यांना होतं, म्हणून लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. पण यावर औषध आहे. रोज, जन्मभर. ती खाते काय?"

शिझुएने तिसऱ्यांचे पाणी सांगितले. सांगताना तिचा स्वर जरा अभिमानाचाच होता. शिवाय ताकदीसाठी कलेजी.

साकानेबाई लिहिता लिहिता थांबल्या. "दोन्हींत तांबं भरपूर असतं. आजपासून बंद. तुम्ही प्रेमानं दिलंत, मला कळतं."

शिझुएने हातातला रुमाल मांडीवर ठेवला.

"हे आईवडील दोघांकडून मिळून मुलांत उतरतं. भावंडांत चारांतल्या एकाला असू शकतं, आणि वर्षानुवर्षं वरून काही दिसत नाही. दिसायच्या आत गोळ्या सुरू केल्या तर माणूस बहुधा धड राहतो. म्हणून विचारते, मुलं किती तुम्हाला?"

शिझुएने मांडीवरच्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ही एकटीच."

कियोकोने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नोबुको इस्पितळात ठेवलेल्या कियोकोचे कपडे घेऊन आली. शिझुएने तिला व्हरांड्यातच गाठले.

"कोणी विचारलं तर मावसबहीण आहे म्हण."

"का?"

"इथल्या एका नर्सचं माहेर योनागोचं आहे. तुझं रक्त तपासलं की तिकडे कळायला किती वेळ? एक गेला, दुसरीचं हे असं. तू तरी या घरातून सुखरूप बाहेर पड गं."

"डॉक्टरांनी भावंडांचं विचारलं होतं?"

शिझुएने तिच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली.

"आई, विचारलं होतं का?"

"चारांतल्या एकाला म्हणाल्या. तू तर धडधाकट आहेस."

"दादाही धडधाकट होता. पोहत बेटापर्यंत जायचा."

"हळू बोल."

"सहा वर्षं हळूच बोलतोय आपण," नोबुको म्हणाली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार तिने उघडेच ठेवले.

"मी नोबुको फुकुमा. कियोकोची सख्खी बहीण. आमचा भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. त्याचेही हात असेच कापायचे. न्यूमोनिया नव्हता तो." तिने बाही वर केली. "माझं तपासा."

साकानेबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या शिझुएकडे पाहिले. दोष दिला नाही. फक्त विचारले, "सहा वर्षांपूर्वी?"

शिझुएने मनात हिशेब केला. तेव्हा कियोको नऊ वर्षांची होती. तिच्या अक्षराला शाळेत पहिले बक्षीस मिळाले होते. तेव्हाच तपासले असते, तर ते अक्षर टिकले असते.

दहा दिवसांनी नोबुकोचा निकाल आला. तिच्याही शरीरात तांबे साठत होते. अजून कसलाही त्रास नव्हता. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. कियोकोचे हात सुधारतील, असे साकानेबाई म्हणाल्या. बोलण्याबद्दल त्यांनी शब्द दिला नाही.

"जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणा," त्सुचिए काकूंनी सुचवले. "कोण डबी उघडून बघतंय?"

"सांगायचं नसेल तर मला हे लग्नच नको," नोबुको म्हणाली.

चौकशीचा माणूस गुरुवारी दुपारी आला. नाव फुजिओका, वय पन्नाशीचे, गुडघ्यावर वही. शिझुएने मागच्या खोलीचे दार उघडे ठेवले होते. तिथे कियोको हाताला पट्टी बांधून बसली होती.

"घरात कोणाला काही आजार?" असे विचारत त्याने उत्तराआधीच 'नाही' लिहायला घेतले.

"खोडा ते," शिझुए म्हणाली.

त्याने वर पाहिले.

"मला तीन मुलं. थोरला कशानं गेला ते मी लपवलं. ही माझी धाकटी, हिलाही लपवलं. जिच्या चौकशीला आलात तिलाही तोच आजार आहे, पण ती वेळेवर औषधाला लागली. माझ्यामुळे नाही, ती स्वतःच्या पायांनी गेली. मी डॉक्टरांना सांगितलं होतं, मला एकच मूल आहे म्हणून. लिहा."

"बाई, हे तुम्ही बोललाच नाहीत असं धरू. मी अशी घरं रोज बघतो."

"धरू नका. लिहा."

हात कसे कापतात, हेही तिने सांगितले. त्याने सगळे लिहिले. त्यावरून चार दिवसांत सोयरीक मोडली, हेही इथेच सांगून टाकलेले बरे. शेजारच्या दोन घरांनी येणे-जाणे बंद केले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मात्र दाखला दुरुस्त करून दिला. देताना त्यांनी मान वर केली नाही.

पण त्या दुपारी फुजिओका लगेच गेला नाही. वही बॅगेत घालून तो दारात बूट चढवायला बसला आणि नाडी धरून तसाच राहिला. शिझुएकडे त्याची पाठ होती.

"हात कापतात म्हणालात. आधी कावीळ?"

"हो."

"आणि शाळेत अक्षर बिघडतं?"

"हो. तुमचा किती वर्षांचा आहे?" शिझुएने विचारले.

त्याने नाडी ओढून बांधली. "मुलींच्या डॉक्टरांचं नाव काय?"

"साकाने. मात्सुएचं इस्पितळ, दुसरा मजला."

त्याने वही बाहेर काढली नाही. नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटले, विसरू नये म्हणून, आणि निघून गेला.