जवळ म्हणजे किती

समदचाचांनी सत्तावीस वर्षं एसटी चालवली. आता ते अणदूरला एकटेच राहत. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांची जीप रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि शेजारी बसलेली त्यांची बायको, सरदारबी, जागीच गेली. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

तुळजापूरच्या कॉलेजात शिकवणारी चैताली त्यांच्याकडे आली ती कामासाठी. पुढच्या गाडीला मागून धडक बसू नये म्हणून स्वतःच ब्रेक लावणारं यंत्र ती बनवत होती.

"चाचा, नुसत्या आकड्यांनी भागत नाही. ड्रायव्हर 'जरा जवळ', 'लई जवळ' कशाला म्हणतो, ते यंत्राला शिकवायचंय. फजी लॉजिक म्हणतात त्याला."

"ते बदलतं, बेटा. चाळीसच्या स्पीडला जे लांब, ते ऐंशीला जवळ. रस्ता ओला असंल तर आणखी जवळ."

"तेच लिहून घ्यायचंय."

ती आठवडाभर येत राहिली. इतकं बोलायला त्यांना कित्येक दिवसांत कुणी मिळालं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "स्पीड साठ. पुढं ट्रॉली उभी, मागं लाल दिवा न्हाय. सूर्य डोळ्यांवर. तुझं यंत्र काय करंल?"

त्यांच्या अपघाताचं चैतालीनं गावात ऐकलं होतं. खोटं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं.

"त्याला उन्हाचा त्रास नाही, चाचा. ट्रॉली लांबूनच कळली असती."

"म्हंजे जीप थांबली असती."

"हो."

तीन वर्षं लोक म्हणत होते, थांबणं कुणालाच जमलं नसतं. चाचांनी ते कधी खरं मानलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी यंत्र बसवलेल्या गाडीत ते स्वतःहून स्टिअरिंगवर बसले. कॉलेजच्या मैदानावर रिकाम्या खोक्यांची भिंत रचली होती. ब्रेकवरचा पाय काढून ते सरळ भिंतीकडे निघाले. गाडी दोन हात अलीकडे थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत बसून राहिले.

खाली उतरून ते म्हणाले, "ब्रेक थोडा आधी लागू दे. शेजारचं माणूस पुढं झुकतंय."

चैतालीनं तिथंच नियम बदलला. आता तिला अणदूरला यायचं कारण उरलं नव्हतं.

परतीच्या एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. पुढं एखादी गाडी दिसली की त्यांचा उजवा पाय आपोआप पायाखालच्या फळीवर दाबला जाई. अणदूर येईपर्यंत पोटरी दुखायला लागली होती.