मागच्या खोलीची मोजणी

कारखाना बंद पडला आणि आमच्या गल्लीतली घरं मातीमोल झाली. घरपट्टी मात्र जुन्याच भावाने. तिकडे टेकडीवरच्या बंगल्यांचे भाव आभाळाला भिडले, तरी त्यांचीही पट्टी जुनीच. सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन करायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी नगरपालिका ते पुढे ढकलते. बंगलेवाल्यांना कोण दुखवणार? मग तिजोरीत खडखडाट, रस्त्यावर अंधार. घरपट्टी विभागात मोजणीला असलेल्या माझ्या भावाचा पगारही रखडलेला.

मला घर विकून लेकीकडे जायचं होतं. एकटीला ते घर खायला उठायचं. गिऱ्हाईक यायचं, घर आवडायचं, घरपट्टी ऐकली की पायाला पाय लावून पळायचं.

"अरे, तूच कमी कर की," मी भावाला म्हटलं.

"ताई, भाव पडला म्हणून पट्टी कमी करता येत नाही. घरच कमी झालं, तर येऊन मोजतो."

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. यंदाही मूल्यांकन लांबणीवर पडल्याचं कळलं, तशी मी गवंड्याला बोलावून मागची खोली पाडून घेतली. नवरा शेवटच्या आजारपणात त्याच खोलीत होता. पहिला घाव बसला तेव्हा त्याची खाट असायची त्या कोपऱ्याकडे मी पाठ केली. तोंडाने मात्र म्हटलं, "हाण अजून!"

संध्याकाळी भाऊ आला आणि दारातच थिजला.

"काय करून बसलीस हे?"

"घर कमी केलं. काढ टेप."

तो विटांच्या ढिगावर मटकन बसला. "मला विचारायचंस तरी! मूल्यांकन पुढे ढकललं ना, यंदा त्याच ठरावात मोजणीही बंद केलीय. मूल्यांकन होईतोवर कुणाचंच घर मोजायचं नाही."

"मग पट्टी?"

"होती तीच. या खोलीसकट."

आता अर्धवट घर कोण घेणार? माझं डोकंच फिरलं. त्याच्या पिशवीतून टेप ओढली, एक टोक त्याच्या हातात कोंबलं आणि दुसरं घेऊन मलब्यातून पलीकडे गेले.

"वाच."

त्याने गुपचूप आकडा वाचला.

"लिही आता!"

टेप तशीच ताणून धरत तो म्हणाला, "कुठे लिहू, ताई?"