सतरा नंबरची पुंगळी

मित्रांनो, आधी माझं तोंड बघा. काळं आहे, आत घशापर्यंत काळं. कुणी पुसायला लागलं तर केया त्याचा हात धरते, म्हणून ते तसंच राहिलं आहे. मी पितळेची, बोटभर लांबीची, शिकारीच्या रायफलीतली एक जुनी पुंगळी. बुडाला टोपी बसवली, पोटात दारू भरली आणि तोंडात गोळी दाबली, की माझं काडतूस होतं. चाप ओढला की गोळी निघून जाते आणि मी मागे राहते. म्हणून ही गोष्ट मलाच सांगावी लागते आहे.

कारखान्यात पितळेच्या पत्र्यातून एक छोटीशी वाटी कापली गेली. ती तापवली, ओढली, पुन्हा तापवली, पुन्हा ओढली, तेव्हा मी जन्मले. एका डब्यात आम्ही शंभर बहिणी होतो. तो डबा जर्मनीत, गेर्लिंगेन गावी, कुमार यांच्या तळघरात आला. शेजारीपाजारी तळघरात बटाटे आणि सायकली ठेवत. कुमार यांनी रीतसर परवाना काढून तिथे काडतुसं भरायचं टेबल मांडलं होतं. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या मोजमापाच्या खात्यात काढली होती. निवृत्त झाले तरी हात मोजायचा थांबेना.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा शंभरजणींना काट्यावर तोललं. ज्यांचं वजन केसभर कमी-जास्त भरलं, त्यांना त्यांनी पकडीत धरून चपटं केलं. सत्तावीस बहिणी एका दुपारी गेल्या. सुकी शेंग फुटावी तसा आवाज व्हायचा. आम्ही उरलेल्या ओळीत उभ्या राहून ऐकत होतो. मग त्यांनी आमच्या बुडावर पक्क्या शाईने बारीक आकडे घातले. माझा आकडा सतरा.

त्यांच्या पत्नी, लीलाताई, चहा घेऊन खाली आल्या. "अहो, आमटीत मीठ जास्त पडलं तर तुम्हाला कळत नाही, आणि इथे कणकण मोजताय?"

"आमटीने कुणी मरत नाही, लीला."

"तुम्ही एकदा केली होतीत ना, ती खाल्लीये मी."

कुमार हसले नाहीत. दारूचे दाणे चिमट्याने काट्यावर टाकत होते.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार सुख होतं. दर खेपेला आगीतून निघाले की ते मला उकळत्या पाण्यात धुवायचे, साच्यातून काढून पुन्हा मापात आणायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि दिव्याशी धरून म्हणायचे, "शाब्बास, सतरा!" मग फडक्यात पडल्या पडल्या मी गुणगुणायची:

पितळेची मी गं लेक, आगीत माझं न्हाणं,
तोंडून गेलं तान्हं, त्याचं नाही पुन्हा येणं.

गाणं माझंच होतं, पण त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता.

रायफलीला कुठलं काडतूस मानवतं हे शोधण्यात त्यांचं एक वर्ष गेलं. गोळी तांब्याची, कारण तिकडच्या रानात शिशाच्या गोळीला बंदी आहे. दारू कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. प्रत्येक मापाची पाच-पाच काडतुसं भरायची आणि शंभर मीटरवरच्या कागदावर झाडायची. भरपूर दारूची काडतुसं कागदावर तीन बोटं पसरायची. सगळ्यांत कमी दारू भरली तेव्हा मात्र पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या. भोक एका सेंटच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. कुमार यांनी त्या कागदाला चौकट केली आणि तो दिवाणखान्यात टांगला, केयाच्या शाळेतल्या फोटोच्या जागी.

केया त्यांची एकुलती एक मुलगी. कार्ल्सरूहेला सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. घरात बोललेली मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये द्यायची. तिने शिकारीची परीक्षा दिली ती शिकारीच्या हौसेने नाही. बाबांच्या शेजारी मचाणावर बसता येईल, आणि कधीतरी ते आपल्याकडे बघूनही तो शब्द म्हणतील, जो ते माझ्याकडे बघून म्हणतात, एवढ्यासाठी. मी तिला तळघराच्या दारात उभी राहिलेली बघितली आहे. माझी शाबासकी ऐकताना ती ओठ दाबून घ्यायची.

केयाच्या पहिल्या शिकारीसाठी कुमार यांनी कमी दारूची काडतुसं डबीत भरली. सतरा नंबर सगळ्यांत वर.

"बाबा," केया तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "आम्हाला वर्गात शिकवलंय, तांब्याची गोळी वेगात लागली तरच आत फुलासारखी उमलते. जनावर लगेच पडतं. हळू लागली तर ती न उमलताच आरपार जाते. इतक्या कमी दारूने ही लांबून उमलेल का?"

"परीक्षा पास होऊन किती दिवस झाले तुला?"

"तीन महिने."

"गेनाऊ, तेच तर. कागद बघितलास ना दिवाणखान्यातला? मग झालं."

सप्टेंबरच्या संध्याकाळी श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या एका उतारावर दोघं मचाणावर बसली. समोरच्या मोकळ्या गवतात लाल हरणाचा नर आला. आपल्याकडच्या सांबराएवढा, मानेवर आयाळ, शिंगांना चिखल लागलेला. अंतर दोनशे मीटर.

"जवळ येऊ दे त्याला," केया कुजबुजली.

"कशाला? सतरा आहे आत. सोड गोळी."

तिने श्वास रोखला. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. हे मी सांगते, कारण त्या क्षणी मी तिच्या गालापासून वीतभर अंतरावर होते. मला आग लागली आणि माझ्या तोंडून गोळी सुटली. खांद्यामागे, शिकवतात अगदी तिथेच लागली. नर दचकला, वळला आणि झाडीत पळाला. पडला नाही.

गवतावर रक्ताचे चारच थेंब मिळाले.

"हात हलला तुझा," कुमार म्हणाले.

"नाही हलला, बाबा."

"मग काय कागद खोटा?"

केयाने मला मचाणाच्या फळीवरून उचलून खिशात टाकलं. जखमी जनावराच्या मागे अंधारात जायचं नाही, ते आणखी दूर पळतं, असा तिथला नियम. पहाटे जखमी जनावरांचा माग काढणाऱ्या बाई, फ्राउ ब्रेनर, त्यांच्या आल्मा कुत्रीला घेऊन आल्या. आल्मा नाक जमिनीला लावून दीड किलोमीटर चालली आणि एका स्प्रूसच्या, सुईसारख्या पानांच्या झाडाखाली भुंकायला लागली.

मित्रांनो, तो जिवंत होता. गोळी एकाच फुप्फुसातून गेली होती, बाकीचं काम तिने रात्रीवर सोडलं होतं. नाकावर गुलाबी फेस सुकून पुन्हा ओला झाला होता. डोळ्याच्या कोपऱ्यात माश्या बसल्या होत्या आणि त्यांना हाकलण्याइतकं त्राण त्याच्या कानात उरलं नव्हतं. रात्रभर पाय झाडून त्याने आजूबाजूची माती उकरली होती. आम्हाला बघून तो उठायला गेला. पुढचे पाय दुमडले आणि तो तोंडावर पडला. पुन्हा उठायला गेला. तिसऱ्यांदा मात्र फ्राउ ब्रेनर यांनी जवळून गोळी घातली.

मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि कालच्या भोकात घातली. नेमकी बसली. पलीकडचं भोकही तेवढंच.

"नेम चांगला होता," त्या केयाला म्हणाल्या. मग कुमार यांच्याकडे वळल्या. "गोळी उमललीच नाही. काडतूस कोणी भरलं?"

कुमार यांच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही. "दुकानातलं आहे," ते शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले. "पोरगी नवीन आहे. घाई केली तिने."

वर्षभर दिव्याशी धरलेलं माझं अंग त्या वाक्याने गार पडलं.

फ्राउ ब्रेनर यांनी स्प्रूसची एक डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी त्याच्या रक्ताला लावून, आपल्या टोपीवर ठेवून केयासमोर धरली. शिकार करणाऱ्याला ती मिळते. माग काढावा लागला असेल तर त्याने तिचा तुकडा मोडून कुत्रीला द्यायचा असतो. केयाने तुकडा मोडला आणि आल्माच्या पट्ट्यात खोवला. उरलेली डहाळी टोपीला लावली नाही. तिने खिशातून मला काढलं, हरणाच्या बरगडीवर उभं ठेवलं, मग आडवं केलं. माझं बूड फ्राउ ब्रेनर यांच्याकडे होतं. त्यावर कुमार यांच्या सुबक अक्षरातला सतरा; दुकानातल्या काडतुसावर असा हाताने लिहिलेला आकडा नसतो.

फ्राउ ब्रेनर यांनी तो आकडा वाचला. मग कुमार यांच्याकडे बघितलं, आणि पेन्सिल गवताला पुसली.

कुमार मराठीत म्हणाले, फ्राउ ब्रेनर यांना कळू नये म्हणून, "परक्या माणसासमोर बापाची लाज काढलीस."

आणि केया, जिने आयुष्यभर जर्मनमध्ये उत्तरं दिली, ती मराठीत बोलली. शब्द शोधत, एकेक. "बाबा, तो रात्रभर इथे होता. मी विचारलं होतं तुम्हाला."

आठवडाभराने तिला कुमार यांचा फोन आला. मी टेबलावर होते, मला सगळं ऐकू आलं. वाटलं, आता ते दोन शब्द बोलतील.

"सतरा तुझ्याकडे आहे का?" ते म्हणाले. "परत आण. संच अपुरा राहतोय."

केयाने फोन ठेवला. मागून लीलाताईंचा आवाज आला होता, "अहो, आधी ती कशी आहे ते तरी विचारा!" ते विचारायचं राहून गेलं. चौकट अजून त्याच भिंतीवर आहे, असं म्हणतात.

मी आता कार्ल्सरूहेला, केयाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मला कुणी धुतलेलं नाही. माझ्या तोंडात ती डहाळी खोवलेली आहे. सुया गळून गेल्या, काडी उरली. शेवटचा घास त्या हरणाला मिळाला, तसाच मलाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तू पुसा, जपा, नीट मापात ठेवा. आम्हाला ते आवडतं. पण दारात कुणी ओठ दाबून उभं असेल, तर फडकं बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याकडे बघा. आणि कागदावरचं भोक कितीही लहान असलं, तरी ते बघून जिवंत अंगावर मला झाडू नका. मला तेव्हा "नको" म्हणायचं होतं. पण तोंडात गोळी होती.