चांगल्या माणसांचा राग

मी एक जुनी, हिरव्या कापडाची खुर्ची आहे. माझ्या लाकडी हातांचं पॉलिश माणसांच्या घामानं गेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मनाच्या डॉक्टर हॅना लिफ्शिट्झ यांच्या खोलीत मी उभा जन्म काढला. कौतुक मात्र सगळं खिडकीजवळच्या कोचाचं. असो, ज्याचं त्याचं नशीब.

मित्रांनो, वेंडेल माझ्याकडे आला तो जीव मुठीत घेऊन. शहराच्या क्वीन्स भागात बस चालवणारा, धिप्पाड, सदा हसतमुख माणूस. अचानक त्याची छाती धडधडायची, श्वास कोंडायचा, आता आपण मरतो असं वाटायचं. हृदय ठणठणीत आहे, असं इस्पितळानं सांगितलं होतं. पण भर रस्त्यात, बस चालवताना असं झालं तर? नोकरी सोडावी लागेल या धास्तीनं तो माझ्या अगदी काठावर बसायचा.

डॉक्टर त्याला बोलतं करायच्या. साहेबानं रजा नाकारली, हा हसला आणि संध्याकाळी तसाच झटका आला. लहानपणी हा चिडला, की आई "मी चालले" म्हणून खरोखरच दाराबाहेर जायची. असं एकेक बाहेर येत गेलं.

मग जुलै संपत आला. या शहरातले मनाचे डॉक्टर बहुतेक ऑगस्टभर सुट्टीवर जातात.

"खुशाल जा, डॉक्टर. समुद्रावर मजा करा," वेंडेल हसून म्हणाला. दुसऱ्याच क्षणी त्यानं माझे हात करकचून धरले. "आला... झटका आला."

"त्याच्या आधी मनात काय आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर एवढा घाम?"

"ही बाई वाळूत लोळणार आणि मी इथे मरणार, असं आलं. माफ करा."

"म्हणजे माझा राग आला."

"तुमचा कसा येईल? तुम्ही एवढ्या चांगल्या."

"चांगल्या माणसांचाही येतो, वेंडेल. ती निघून जातात तेव्हा तर जास्तच."

"मग आलाय. सगळे डॉक्टर एकदम पळता. आजार काय सुट्टी घेतो का?" त्याचा आवाज चढला. मग तो दचकला आणि आता याही उठून जातील, अशा भीतीनं डॉक्टरांकडे बघू लागला.

डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. सप्टेंबरात मी इथेच असेन. उरलेला राग तेव्हा घेऊन या."

हळूहळू त्याचा श्वास शांत झाला. त्यानं पहिल्यांदाच माझ्यावर पाठ टेकली. मला इतकं हायसं वाटलं, की मी कोचाचा हेवाही विसरले.

सप्टेंबरात तो हसतच आला. "थांब्यावर पुन्हा छाती धडधडली. म्हटलं, वेंडेल, कोणावर चिडलायस बाबा? साहेबावर! धडधड ओसरली, बस पुढे नेली. संध्याकाळी त्याला सांगितलं, सलग दोन पाळ्या मला जमणार नाहीत. तर तो 'बरं' म्हणाला. नुसतं 'बरं'. आणि यापायी मी इतकी वर्षं मरत होतो."

तो अजून बस चालवतो. मित्रांनो, माझ्या स्प्रिंगा आता कुरकुरतात. जमलं तर मला नवं कापड घाला. पण त्याआधी एक करा. घरात कोणी तुम्हाला "मला तुझा राग आलाय" म्हणालं, तर उठून जाऊ नका. त्याचं बोलणं संपेपर्यंत समोर बसून राहा.